चमकणारी खूण : डॉ. आल्बर्ट कून्स

आल्बर्ट कून्स यांचा जन्म १९१२ साली अमेरिकेतील ग्लव्हर्सव्हिल गावी झाला. हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. १९३९ मध्ये बर्लिनला असताना संधिवाताच्या तापाचा विचार करता करता त्यांना प्रश्न पडला : रोगजंतूंचा अंश शरीरात नेमका कुठे असतो, हे डोळ्यांनी कसे पाहावे? प्रतिपिंडे आपला शत्रू अचूक ओळखतात. त्यांनाच चमकणारा रंग जोडला तर?

पहिला रंग निळा चमकला. पण शरीरातील ऊतीही निळसर चमकतात, त्यामुळे खूण हरवली. मग त्यांनी हिरवा चमकणारा फ्लुरोसीन घेतला. १९४२ मध्ये उंदरांच्या ऊतींत न्यूमोनियाच्या जंतूंचे अंश दिसले! युद्धामुळे काम थांबले. परतल्यावर त्यांनी ही पद्धत पक्की केली. १९५९ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये ते निवर्तले.

आज याच युक्तीने उंदरांच्या टी पेशींवरील ग्राहक ओळखतात. रंग लावलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक जातात आणि यंत्र त्यांची चमक मोजते.

पहिला प्रयोग फसला तेव्हा कून्स यांनी प्रश्न टाकला नाही, रंग बदलला. गुणपत्रिका हाती घेताना मुलांनी व पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, ही आमची विनंती.