डुक्कर फियाटची फायरिंग ऑर्डर सापडत नाहीये? मग आधी वालचंद हिराचंद यांची गोष्ट वाचा

अलिबागकडे अजूनही एखाद्या वाडीत, नारळाखालच्या शेडमध्ये, जुनी फियाट झाकून ठेवलेली दिसते. समुद्राच्या खाऱ्या हवेनं प्लगच्या वायरी खराब झालेल्या असतात. कुणीतरी हौसेनं त्या सगळ्या एकदम उपसतो, नव्या आणतो आणि मग प्रश्न पडतो, कुठली वायर कुठे लावायची? चुकली तर गाडी मिसिंग मारते, बॅकफायर होते, नाहीतर स्टार्टच होत नाही.

या क्रमालाच फायरिंग ऑर्डर म्हणतात. म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरमध्ये ठिणगी कुठल्या क्रमानं पडते ते. गाडीचं पुस्तक हरवलेलं असेल, तर हे शोधायचं कसं? त्यासाठी गाडीत मुळात कुणाचं इंजिन बसलंय ते माहीत हवं. आणि ते इंजिन मुंबईत कसं आलं, ही वालचंद हिराचंद यांची गोष्ट आहे.

सोलापूरचा कंत्राटदार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्या व्यापारी घराण्यातला. घरचा धंदा होता, पण त्यांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकून राहिलेले गृहस्थ. त्यांच्यासोबत भागीदारी करून वालचंद रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले.

पुढे नजर गेली समुद्राकडे. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची 'लॉयल्टी' ही बोट घ्यायचं ठरवलं. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना सोबत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस असतो.

गाडीचं स्वप्न आणि सरकारचा नकार

त्या काळी भारतात मोटारी यायच्या त्या परदेशी. सर एम. विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढायची योजना मांडली. वालचंद यांनी ती मनावर घेतली. आधी फोर्डशी बोलणी झाली, जमलं नाही. मग १९४० मध्ये अमेरिकेच्याच क्रायस्लरशी करार झाला.

पण दुसरं महायुद्ध सुरू होतं. मोटार कारखाना हा युद्धासाठी गरजेचा उद्योग आहे असं मानायला ब्रिटिश सरकार तयार नव्हतं. वालचंद थांबले नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना, जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स.

१९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. नावं डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशी वेगवेगळी, पण सगळ्या क्रायस्लर घराण्यातल्या. सुटे भाग परदेशातून यायचे आणि जोडणी कुर्ल्यात व्हायची.

फायरिंग ऑर्डर शोधणाऱ्यासाठी हीच मोठी खूण आहे. क्रायस्लरच्या त्या सहा सिलिंडरच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाची ऑर्डर १-५-३-६-२-४. बॉनेटवर नाव डॉज असो की प्लायमाउथ, क्रम तोच.

मग आली फियाट

क्रायस्लरच्या गाड्या मोठ्या आणि पेट्रोल पिणाऱ्या. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५४ पासून फियाट ११०० चं ते गोलमटोल मॉडेल आलं, ज्याला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिलं.

ती गाडी बघायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर हीच फियाट वाढत जाऊन प्रीमियर पद्मिनी झाली, आणि पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत फायरिंग ऑर्डर एकच, १-३-४-२.

१-२-३-४ का नाही?

या चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकदम वर येतात, दुसरा आणि तिसरा एकदम. त्यामुळे एकनंतर तीन किंवा दोनच पेटू शकतो, आणि त्यानंतर चार. म्हणजे पर्याय दोनच, १-३-४-२ किंवा १-२-४-३. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए मध्ये दुसरा पर्याय आहे.

इंजिन बदललेलं असेल असा संशय आला, तर हातानं तपासता येतं. बॅटरीची वायर काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, सगळे प्लग काढा आणि भोकांवर कापडाचे बोळे हलकेच बसवा. मग हँडलनं इंजिन सावकाश, त्याच्या नेहमीच्या दिशेनं फिरवा. हवेच्या दाबानं ज्या क्रमानं बोळे उडतील, ती फायरिंग ऑर्डर. एक नंबरचा सिलिंडर या गाड्यांत रेडिएटरच्या बाजूचा. डिस्ट्रीब्युटरचा रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते बघून त्याच दिशेनं वायरी लावायच्या.

जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी इथे बनाव्यात म्हणून वालचंद झगडले. मोटारीच्या बाबतीत कारखाना इथला झाला, इंजिनाचं डिझाइन मात्र बाहेरचंच राहिलं. म्हणून कुर्ल्यात बनलेल्या गाडीची फायरिंग ऑर्डर शोधताना आजही आधी ठरवावं लागतं, इंजिन डेट्रॉइटच्या घराण्यातलं की तुरीनच्या.