केंब्रिजमधली शेगडी

१४ एप्रिल १९१४ रोजी श्रीनिवास रामानुजन लंडनला उतरले तेव्हा युरोपात शांतता होती. मद्रास पोर्ट ट्रस्टमधला हा कारकून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांबरोबर काम करायला आला होता. चार महिन्यांतच इंग्लंड महायुद्धात उतरलं. ट्रिनिटीतल्या नेव्हिल्स कोर्टच्या कमानींखाली जखमी सैनिकांच्या खाटा पडल्या. विद्यार्थी पलटणीत गेले, वर्ग ओस पडले. लिटलवुड तोफखान्यासाठी गणितं करू लागले. युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या बर्ट्रांड रसेल यांना १९१६ मध्ये कॉलेजने काढून टाकलं. जवळ उरले ते हार्डी, आणि दोघांचं बोलणं बहुतेक गणिताचंच.

रामानुजन कर्मठ अय्यंगार घरातले, शुद्ध शाकाहारी. कॉलेजच्या भोजनगृहातला बटाटासुद्धा चरबीत तळलेला असेल, ही त्यांना धास्ती. म्हणून ते आपल्या खोलीतच रांधत.

त्या पहिल्याच हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिस त्यांच्याकडे जेवायला आले. पुढे भारतीय सांख्यिकी संस्था उभारणारे महालनोबिस तेव्हा किंग्ज कॉलेजात शिकत होते. हातात ‘स्ट्रँड’ मासिक, त्यात लूवाँ शहरातलं एक कोडं. बेल्जियममधल्या या विद्यापीठाच्या गावातलं ग्रंथालय जर्मन फौजेने ऑगस्टमध्येच जाळलं होतं. कोडं असं: रस्त्यावरच्या घरांना एकापासून ओळीने क्रमांक आहेत. एका घराच्या अलीकडच्या क्रमांकांची बेरीज पलीकडच्या बेरजेइतकीच भरते. (आठ घरांच्या रस्त्यावर सहावं घर घेऊन पाहा: दोन्हीकडे १५.) घरं पन्नासहून जास्त, पाचशेहून कमी, तर ते घर कोणतं? महालनोबिस यांनी थोडी खटपट करून उत्तर काढलं: २८८ घरं, क्रमांक २०४. रामानुजन शेगडीपाशी भाजी हलवत होते. कोडं ऐकून त्यांनी तिथूनच अपूर्णांकांची एक साखळी सांगितली. तिच्यातून या रस्त्याचंच नव्हे, अशा लहानमोठ्या सगळ्या रस्त्यांचं उत्तर निघत होतं.

युद्ध लांबलं तसं ताट आखडलं. भाजी-फळं दुर्मीळ झाली. पाणबुड्यांमुळे समुद्र धोक्याचा, परतीची वाटही बंद. रोजा असो की उपवास, घरच्या माणसांत तो निभावतो. सेहरीला उठवणारं, फराळाचं पुढे ठेवणारं कुणीतरी असतं. इथे तसं कुणीच नव्हतं. कामाच्या नादात ते कधी दिवसातून एकदाच चूल पेटवत. व्रत मोडलं नाही, शरीर मोडलं.

१९१७ च्या वसंतात त्यांनी अंथरूण धरलं. क्षय समजून उपचार झाले. पुढच्या काळातल्या काही डॉक्टरांना मात्र तो आमांशातून यकृताला झालेला विकार वाटतो. एका आरोग्यधामातून दुसऱ्यात अशा फेऱ्या सुरू राहिल्या. मानसन्मान आले ते याच दिवसांत: १९१८ मध्ये आधी रॉयल सोसायटीची फेलोशिप, मग ट्रिनिटीची.

युद्ध थांबल्यावर, २७ मार्च १९१९ रोजी, ते मुंबई बंदरात उतरले. आई आणि धाकटा भाऊ न्यायला आले होते. पत्नी जानकी आल्या नव्हत्या. मद्रासला अंथरुणावरही त्यांची लेखणी चालूच राहिली. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले.

त्या शेवटच्या वर्षातले कागद १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञाला ट्रिनिटीच्या रेन ग्रंथालयात सापडले. हे ग्रंथालय नेव्हिल्स कोर्टच्याच एका टोकाला आहे.