गेल बोर्डन : दूध डब्यात आणणारा शिक्षक



घरात बर्फी किंवा कुल्फी करायची म्हटलं की आपण कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडतो. हे आटीव दूध घरोघरी पोहोचवणारे गेल बोर्डन काही काळ आपल्यासारखेच शिक्षक होते. त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

बोर्डन यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८०१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात नॉर्विच येथे झाला. त्यांना शाळा लाभली ती जेमतेम दीड वर्ष. तरी पुढे मिसिसिपीत त्यांनी मुलांना शिकवलं, जमिनीची मोजणीही केली. नंतर टेक्सासला जाऊन वर्तमानपत्र चालवलं.

मग त्यांनी प्रवाशांसाठी मांसाचा अर्क घातलेलं बिस्किट बनवलं. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात त्याला मोठं पदक मिळालं, पण धंदा बुडाला. असं सांगतात की, लंडनहून परतताना जहाजावर खराब दुधामुळे लहान मुलं दगावली, ते त्यांच्या मनाला लागलं.

आता प्रश्न असा, की दूध टिकवायचं कसं? आपण बासुंदी आटवतो तेव्हा जरा दुर्लक्ष झालं की दूध बुडाला लागतं. बोर्डन यांचंही दूध करपायचं. शेकर पंथाच्या वस्तीत त्यांनी एक बंद भांडं पाहिलं. त्यातली हवा काढली की आतला दाब कमी होतो आणि द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यामुळे दूध न करपता आटतं. १८५३ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. तो वारंवार नाकारला गेला आणि अखेर १८५६ साली पेटंट मिळालं.

त्यानंतरही सुरुवातीचे दोन कारखाने बंद पडले. १८५७ साली जेरेमाया मिलबँक यांनी भांडवल दिलं आणि गाडी रुळावर आली. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा सैन्याकडून मोठी मागणी आली.

पण खरा धडा पुढेच आहे. बोर्डन नुसत्या यंत्रावर विसंबले नाहीत, ते थेट गोठ्यापर्यंत गेले. गाईची कास धुवा, गोठा स्वच्छ ठेवा, गाळणी उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा, असे नियम त्यांनी घातले. घाणेरडं दूध ते घेत नसत. ११ जानेवारी १८७४ रोजी टेक्सासमध्ये त्यांचं निधन झालं.

मुलांना विचारा, हे दूध इतकं टिकतं कशामुळे? निम्म्याहून जास्त पाणी उडालेलं असतं आणि भरपूर साखर असते. साखर उरलेलं पाणी धरून ठेवते, म्हणून जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. शिवाय डबा हवाबंद असतो.

घरी मात्र एवढं पाळा :

• न उघडलेला डबा कोरड्या, थंड जागी ठेवा. फुगलेला किंवा गळणारा डबा वापरू नका.
• उघडल्यावर उरलेलं दूध काचेच्या झाकणाच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. चमचा कोरडाच घाला.
• खीर किंवा बर्फीत आधी हे दूध घाला, चव बघा, मगच साखरेचं ठरवा. आच मंद ठेवा.
• तान्ह्या बाळाला दूध म्हणून हे कधीही देऊ नका. ते पोषणाला पुरत नाही.

दूध आटवण्याची युक्ती यंत्राने दिली, पण लोकांचा विश्वास मिळाला तो धुतलेल्या हातांमुळे आणि स्वच्छ गोठ्यामुळे. वर्गात एवढं पोहोचलं तरी पाठ सफल झाला!