मळा न सोडणारे सावतोबा

दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, आणि आम्ही चरित्र लिहायला घेतलं ते संत सावता महाराजांचं, म्हणजे वारीला न गेलेल्या संताचं. काही मंडळींना ते खटकलं. आम्ही मुद्दामच घेतलं.

आपल्या दिंडीतली निम्मी घरं भाजीपाल्याची. वाडवडील रात्री बैलगाडी जुंपून पहाटे पुण्याच्या मंडईत उतरायचे. ही मंडई १८८६ साली रे साहेबांच्या नावानं उघडली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. जोतीराव माळी समाजातलेच. घराणं मूळचं गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झालं. गंमत अशी की नगरपालिकेत असताना या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचाच विरोध होता. आता घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, पण पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आपल्या दिंडीची भाजी अजून मंडईतूनच येते, आणि ती निवडायला बसलं की सावतोबांचं नाव निघतंच.

सावतोबांचं गाव अरण. सोलापूर जिल्हा, माढा तालुका, मोडनिंबाजवळ. आजोबा दैवू माळी अरणला येऊन स्थायिक झाले. वडील परसोबा, आई नांगिताबाई. सावतोबांचा जन्म शके ११७२, म्हणजे सन १२५० चा मानतात. ज्ञानोबा, नामदेव, गोरोबा, चोखोबा यांचाच तो काळ. भेंड गावच्या जनाईशी लग्न झालं, मुलगा विठ्ठल आणि मुलगी नागाताई. एकदा सासरची माणसं आली आणि सावतोबा भजनात असे रंगले की त्यांच्याकडे बघणं राहून गेलं. जनाई रागावल्या. रागावणारच, पाहुण्यांपुढे मान खाली तिची गेली. मग सावतोबांनी गोड बोलून समजूत काढली, असं सांगतात.

पंढरी अरणापासून काही फार लांब नाही. तरी ते गेले नाहीत. का गेले नाहीत, हे ज्याचा मळा आहे त्याला विचारा.

फाल्गुन सरून चैत्र लागला की कोरडवाहू शेतकऱ्याला उसंत मिळते. लग्नकार्य, जत्रा, चैत्री वारी. माळ्याला तेव्हाच मान वर करायला फुरसत नसते. विहिरीचं पाणी खाली जातं, मोटेला जास्त नाडा लागतो, बैल दमतात, आणि ऊन तर रोज चढतंच. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याची एक पाळी चुकली तर पानं मान टाकतात, दोन चुकल्या तर वाफा गेलाच म्हणायचा. कांद्याच्या माना पडल्या की उपटायचा, पातीसकट वाळवायचा आणि वळवाचा पाऊस गाठायच्या आत सावलीला न्यायचा. बियाला राखलेल्या मुळ्याला डिंगऱ्या धरतात, त्यावर पाखरं पडतात, ती हाकायची. दोडक्या-कारल्याचे वेल मांडवावर चढवायचे. मोगऱ्याची कळी उजाडायच्या आत खुडायची, ऊन झालं की तिला मोल नाही. दारं धरायला माणूस उभाच पाहिजे. पाट फुटला की पाणी भलतीकडे जातं. मोट गेली, मोटर आली, तीही बहुतेकदा रात्रीच्या विजेवर, पण चैत्रातलं बाकी काम तेच आहे.

सावतोबा हे सगळं करत राहिले आणि नामही घेत राहिले. दोन्हींत त्यांना फरक दिसला नाही. म्हणून त्यांच्या अभंगांत मोट, विहीर, भाजीपाला येतो. ते अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. आज ३७ मिळतात.

महिपतीबुवांनी भक्तविजयात कथा दिली आहे. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले, लोळत लोळत पंढरीला निघाले आणि लऊळला अडकले. त्यांना भेटायला देव ज्ञानोबा-नामदेवांना घेऊन निघाले. वाटेत अरण लागलं. दोघांना थांबवून देव एकटेच मळ्यात शिरले आणि मला लपव म्हणून सावतोबांच्या मागे लागले. सावतोबांनी खुरप्यानं छाती फाडली आणि देवाला आत ठेवलं. बाहेर नामदेव शोधून शोधून रडकुंडीला आले. पुढे सगळे मिळून कूर्मदासांकडे गेले. कीर्तनात लोक खुरप्याशी थांबतात. आम्हाला वाटतं, ही दोन गावं एकत्र बघावीत. एक जण पाय नसताना निघाला, एक जण पाय असून मळ्यात राहिला, आणि देव एकाच फेरीत दोघांकडे गेले.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांनी अरणलाच देह ठेवला. ज्ञानोबांची समाधी त्यानंतर वर्षाने झाली. आजही आषाढीला गावोगावच्या पालख्या पंढरीला जातात, सावतोबांची जात नाही. उलट पांडुरंगाची पालखी आषाढात अरणला येते.

या पुस्तकाच्या शेवटी शंभर वर्षांतल्या वारकऱ्यांची यादी आहे. तीत आधी फक्त चालणारांची नावं होती. घरचा एक जण वारीला गेला की मागं कुणीतरी पाण्याच्या पाळ्या धरल्या, दूध काढलं, भाजी खुडून बाजार गाठला. बहुतेक बायाच. आम्ही धरून बसलो, दोन बैठका भांडलो, आणि आता मागं राहिलेल्यांची नावंही त्याच यादीत घातली आहेत. वेगळी यादी करू दिली नाही. कुणाच्या आजीचं, चुलतीचं नाव सुटलं असेल तर विणेकरी बुवांच्या वहीत लिहून द्यावं, पुढच्या छपाईत घालू.