डायलिसिसवरची चार वर्षे

डायलिसिस लागणार असे सांगितले की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. आता किती दिवस, एवढाच प्रश्न उरतो. अशा वेळी मला जयप्रकाश नारायण आठवतात.

नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता यांच्यासोबत समाजवादी पक्षाची स्वप्ने पाहणारे आणि १९४२च्या दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून निसटणारे जयप्रकाश. २६ जून १९७५च्या पहाटे त्यांना दिल्लीत पुन्हा अटक झाली, तेव्हा वय होते ७२ आणि सोबतीला मधुमेह होता. नोव्हेंबरात पॅरोलवर सुटले तोवर मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली उपचार झाले. यंत्रासाठी इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदत निधीतून ९० हजार रुपये पाठवले. ते जयप्रकाशांनी परत केले. यंत्र लोकवर्गणीतून आले.

वय, मधुमेह आणि हृदयविकार या तिन्हींमुळे डायलिसिस चालू असताना रक्तदाब घसरण्याचा धोका वाढतो. यंत्र पाणी ओढते ते रक्तातून. ऊतींमध्ये साठलेले पाणी मागाहून हळूहळू रक्तात येते. ओढण्याचा वेग त्याहून जास्त झाला की दाब कोसळतो. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून सावरते. जुन्या मधुमेहात त्या आवळणाऱ्या नसाच कमजोर झालेल्या असतात. त्यातून त्या काळच्या द्रावणात ॲसिटेट असे, जे रक्तवाहिन्या सैल करते. किती पाणी निघते हेही नेमके मोजता येत नसे. आज बायकार्बोनेट आहे, यंत्र मिलिलिटरचा हिशेब ठेवते, तरीही दाब घसरतोच.

कारण बहुधा घरून येते. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून चार तासांत तीन लिटरहून जास्त पाणी काढणे धोक्याचे. परभणीच्या मे महिन्यात तहान आवरा म्हणणे सोपे आहे, पण तहान लावते ते मीठ. लोणचे, पापड, ठेचा कमी केला की तांब्याकडे हात आपोआप कमी जातो. डायलिसिसच्या दिवशी दाबाची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दाब घसरणाऱ्या रुग्णाने यंत्रावर असताना डबा उघडू नये. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते. जांभया, घाम, मळमळ, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी यांतले काहीही जाणवले तर लगेच सांगा. संकोच करणारे रुग्णच बेशुद्ध होतात. आम्ही पाणी काढणे थांबवतो, पाय उंच करतो, थोडे सलाइन देतो. पुढच्या वेळी द्रावणाचे तापमान अर्धा-एक अंशाने उतरवतो, वेळ वाढवतो, पाणी उतरल्यानंतरचे योग्य वजन पुन्हा ठरवतो. वेळ वाढवायला रुग्ण नाखूश असतात, पण माझ्या मते हाच सर्वात गुणकारी उपाय आहे.

डायलिसिसवर असतानाच जयप्रकाशांनी १९७७च्या निवडणुकीत सभा घेतल्या, देशाचे सरकार बदललेले पाहिले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना संसदेत त्यांच्या निधनाची चुकीची बातमी जाहीर झाली. त्यानंतर ते सहा महिन्यांहून जास्त जगले. ८ ऑक्टोबरला पाटण्यात त्यांनी प्राण सोडला. ७७व्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते.