हंटरवालीचा उंबरठा

बँकेत असताना कर्जाचा अर्ज पुढे आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : तारण काय? १९३५ साली वाडिया बंधू माझ्यासमोर येऊन बसले असते, तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवले असते. त्यांच्या चित्रपटाची नायिका सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, अंगाने भरदार गोरी बाई. हिंदी बोलणे अडखळत. चित्रपटात ती राजकन्या; बुरखा चढवून, हातात हंटर घेऊन दुष्ट प्रधानाच्या माणसांना झोडपून काढणारी. वितरकांनीही माझ्यासारखाच विचार केला आणि हात आखडता घेतला. शेवटी वाडियांनी 'हंटरवाली' स्वतःच्या हिमतीवर मुंबईत लावला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. चित्रपट महिनोन् महिने चालला आणि नादिया हे नाव घरोघर पोचले.

तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८चा, ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच ती मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील कामी आले आणि मायलेकी उघड्यावर पडल्या. पुढे काही वर्षे वायव्य सरहद्दीवर पेशावरकडे गेली. घोड्यावर मांड ठोकायला ती तिथे शिकली. मुंबईला परतल्यावर दुकानात विक्रेतीचे काम केले, नृत्य शिकली, सर्कशीतही उतरली. मेरीची नादिया झाली ती याच भटकंतीत. पोटासाठी शिकलेली यातली एकही विद्या वाया गेली नाही.

जमशेद वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन काढली. दोघेही डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाजीचे भक्त. फेअरबँक्सने पडद्यावर जे केले ते एका बाईकडून करवून घ्यायचे, हा त्यांचा धाडसी हिशेब. होमी दिग्दर्शन करत आणि नादिया उडी मारी. बदली माणूस नाही. १९३६च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते, धट्टाकट्टा माणूस खांद्यावर उचलून घेते. १९४२च्या 'जंगल प्रिन्सेस'मध्ये ती खऱ्या सिंहांसोबत उभी राहिली.

आज या मारामाऱ्या पाहताना एक गोष्ट लक्षात येते. हल्ली एका ठोशाचे पाच तुकडे करतात. ठोसा कोणी मारला आणि कोणाला बसला, हे संकलकालाच माहीत! इथे कॅमेरा जरा लांब उभा असतो. उचलणारी आणि उचलला जाणारा, दोघेही डोक्यापासून पायापर्यंत एकाच चौकटीत दिसतात. वजन खरे, तोल खरा, पडणेही खरे. त्या जुन्या मारामाऱ्यांतली सगळी गंमत या खरेपणात आहे. पिटातला प्रेक्षक अडाणी असेल, पण फसवणूक त्याला बरोबर कळत होती.

आणि तो प्रेक्षक गुलामीतला होता. स्वराज्याचे नाव उघड घ्यावे तर सेन्सॉर आडवा येई. मग राजकन्या, प्रधान, हंटर असा वेष चढवून तीच गोष्ट सांगायची. १९४०च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर स्त्रीशिक्षणाची आणि स्त्रीच्या हक्काची बाजू तिने ठोशांबरोबरच मांडली. ब्रिटिश सैनिकाची लेक जुलमी सत्तेला चाबकाने फोडून काढते आहे आणि हिंदी माणूस टाळ्या वाजवतो आहे, यातली विसंगती कोणालाही खटकली नाही. तिला त्यांनी आपलीच मानले होते.

सगळ्यांनी मानले नाही. होमी आणि नादिया यांचे प्रेम जमले होते. पण पारशी घराण्यात परधर्माची, त्यातून सिनेमातली सून होमींच्या आईला मान्य नव्हती. जमशेद दोघांच्या बाजूने होते, तरी आईपुढे इलाज चालेना. टपावरून टपावर झेपावणारी ही बाई एका घराच्या उंबरठ्यापाशी वर्षानुवर्षे थांबून राहिली. दरम्यान भावाभावांच्या वाटा वेगळ्या झाल्या, होमींनी बसंत पिक्चर्स काढली, परळच्या जुन्या स्टुडिओत शांतारामबापूंचे राजकमल उभे राहिले. लग्न झाले ते १९६१ साली. तेव्हा नादिया त्रेपन्न वर्षांची होती.

मला तिच्या सगळ्या उड्यांपेक्षा हे थांबणे अधिक विचारात पाडते. होमींनी आईशी भांडावे असा हट्ट धरून ते घर तिला मोडता आले असते. तिने ते केले नाही. याला भित्रेपणा म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. उडी मारायला क्षणभराचे धैर्य पुरते. थांबायला रोज सकाळी ते नव्याने गोळा करावे लागते. मात्र त्या थांबण्याची किंमत तिने एकटीने मोजली असेल, हेही विसरता येत नाही.

९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईतच ती गेली. तारण नसलेले ते कर्ज तिने कधीच फेडले होते. वर व्याजही दिले होते.