दिलेला शब्द आणि हातातली पेन्सिल

आजचे वाचन: मत्तय, अध्याय ५ ते ७



आपल्या आसेगावच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की पहाटेपासून रात्रीपर्यंत उसंत नसते. जानेवारीत मोठ्या उत्साहाने सुरू केलेलं बायबलवाचन अशा दिवसांत मागे पडतं. मग पुष्कळ जण म्हणतात, आता मन लागत नाही, गोडी वाटेल तेव्हा पुन्हा सुरू करू. पण गोडी आधी आणि वाचन नंतर, असंच असतं का? आज रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं जीवन त्यासाठी पाहू या.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. इंग्रजी शिक्षण अर्धवट सुटलं, पण कवित्व अंगातच होतं. एका जागी फार दिवस टिकायचा मात्र स्वभाव नव्हता. नोकरी धरायची, सोडायची, गाव बदलायचं, असं चालायचं. पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या दिवसांची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

पुढे ते आपल्या विदर्भात, नागपूरला आले. तिथे ‘ऋषी’ नावाचं धार्मिक मासिक त्यांनी चालवलं. मग कामाच्या शोधात ते राजनांदगावला निघाले. साल साधारण १८९३. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना आदराने वागवलं, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि उतरण्याआधी नवा करार हातात दिला. हे नीट वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून टाकलं. टिळकांना ते बोलणं धाडसाचंच वाटलं. पण त्या माणसाच्या चांगुलपणाखातर त्यांनी वाचायचा शब्द दिला.

इथे जरा थांबा. पुस्तक हातात पडलं तेव्हा टिळकांना ते आवडलं नव्हतं! नव्या कराराचं पहिलंच पान म्हणजे वंशावळ. नवख्या वाचकाला ती नावांची रांगच वाटते. संस्कृत काव्यावर वाढलेल्या माणसाने ते पुस्तक मिटून ठेवलं असतं, तर कोण विचारणार होतं? तो गृहस्थ तर परत भेटणारही नव्हता. पण शब्द दिला होता. शिवाय एक सवय होती: हातात घेतलेलं पुस्तक पेन्सिलने खुणा करत शेवटपर्यंत वाचायचं. त्याप्रमाणे ते पुढे सरकत राहिले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले. तिथून मात्र त्यांचं मन निघेना. तत्त्वज्ञानातले जे प्रश्न वर्षानुवर्षं छळत होते, त्यांची उत्तरं त्यांना या तीन अध्यायांत सापडली.

म्हणजे गोडी आली ती पाचव्या अध्यायात. पहिल्या चार अध्यायांतून त्यांना पुढे नेलं ते दिलेल्या शब्दाने आणि सवयीने.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वाचनाची किंमत थोडी नव्हती. नातलग तुटले, लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू सुमारे साडेचार वर्षं दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि काही काळाने, १९०० साली, त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. अहमदनगरला राहून टिळकांनी लिहिलेली कितीतरी भजनं आजही आपण ‘उपासना संगीत’मधून गातो. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र त्यांच्या हातून पुरं झालं नाही. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांनी रचले. एकाने सोडलेली ओळ दुसऱ्याने उचलली!

प्रियांनो, आपल्यासाठी यात काय आहे? पहिलं म्हणजे कोणाला तरी शब्द द्या. घरातल्या माणसाला, मंडळीतल्या एखाद्या भावाला किंवा बहिणीला सांगा, मी आज अमुक अध्याय वाचणार, संध्याकाळी मला विचार. मनातल्या मनात केलेला निश्चय शेतातून दमून आल्यावर विरून जातो, पण दुसऱ्याला दिलेला शब्द आठवण करून देतो. दुसरं, हातात पेन्सिल घ्या. जे पटलं तिथे खूण करा, जे कळलं नाही तिथेही करा. खूण असली की उद्या कुठून सुरू करायचं, हे शोधावं लागत नाही. आणि रुक्ष वाटणाऱ्या पानावर थांबू नका. तुमचा पाचवा अध्याय कदाचित पुढच्याच पानावर असेल.

आजच्या तीन अध्यायांत मिळून १११ वचनं आहेत. शांतपणे वाचली तरी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रात्री जेवणानंतर एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. ज्यांना अक्षर लागत नाही अशी आजी-आजोबा मंडळीही मग वचनाला मुकत नाहीत.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तुझं वचन आमच्या हातात आहे, यासाठी तुझे आभार. मन लागत नाही त्या दिवशीही ते उघडण्याचं बळ दे. आम्ही दिलेला शब्द आम्हाला पाळायला शिकव, आणि तू आमच्यासाठी राखून ठेवलेल्या पानापर्यंत आम्हाला घेऊन जा. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.